गेलं म्हणजे चांगलं

१२ जानेवारी

ती. ताई,

पाया पडते. आम्ही दोघं इथं धडधाकट आहोत. तूही गुडघे सोडून बाकीची धडधाकट असशील असं धरून चालते. तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, कान उपटलेस तू माझे! फोन उचलत नाही, उचलला तर "हो हो, बरं बरं" करून ठेवून देते, लेकीसमोर तुझी शोभा होते, वगैरे. अगं बाई, फोनच बिघडलाय. आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येतो. शिवाय रागावणार नसशील तर सांगते, तुझाही आवाज हल्ली बारीक झालाय. तेव्हा तू लिहीतच जा. अक्षर अजून तुझ्या स्वभावासारखं ठसठशीत आहे.

आता खरी बातमी. कारखान्यात ठोकणीचं यंत्र आलं.

मला वाटलं होतं, कपाटाएवढं धूड असेल. निघाला नुसता एक हात! डोकं नाही, धड नाही, खांद्यापासून पुढचा हात तेवढा लोखंडी ओट्यावर बसवलाय आणि त्याच्या मुठीत आपलीच लाकडी हातोडी. शेजारी पेरूच्या बीएवढा माइक. मौनी म्हणाली, "ह्याला भांडी घासायला न्यावं घरी." मौनी आठवते ना? बडबड थांबत नाही म्हणून तूच तिचं नाव मौनी ठेवलंस. ती अजून थांबलेली नाही.

त्या हाताला शिकवायला यंत्राच्या कंपनीने एक मुलगी पाठवलीय. बुटकी, गोलमटोल, एका जागी ठरत नाही. आम्ही तिला वाटाणा म्हणतो. तोंडावर म्हणतो आणि ती ओ देते. तू लिहिलंयस की यंत्राला काही शिकवू नकोस, आपला कान आपल्यापाशी ठेव. मीही पहिल्या दिवशी तोंड फुगवूनच बसले होते. पण ही पोर आली ती थेट माझ्या शेजारी जमिनीवर बसली, बेसिनच्या रांगेत, धुळीत. म्हणाली, "काकू, दिवसभर ठोकून तुमचा खांदा दुखत नाही?" ताई, इतकी वर्षं मुकादमाने माल किती झाला हे विचारलं, खांद्याचं कुणी विचारलं होतं? माझा फुगा तिथंच फुटला.

मग मी तिला सांगितलं. भट्टीतून चिनीमातीचं बेसिन निघालं की तीन ठिकाणी ठोकायचं, काठ, पोट, बूड. अखंड असेल तर खणखणतं. आत केसाएवढी चीर असेल तर ते जरासं बसकं बोलतं. तिला दोन्ही सारखंच ऐकू आलं. आठवतं, मलाही सारखंच यायचं आणि तू माझ्या पाठीत धपाटा घालायचीस. तिने आपल्या सहाजणींच्या ओट्यांवर माइक लावले. आम्ही ठोकायचं, आरोळी द्यायची आणि तिने हातातल्या काचेच्या पाटीवर खूण करायची. यंत्र म्हणे त्यावरून शिकणार. तिला एक गोष्ट मात्र कळेना. तिन्ही ठोके झाल्यावर आपण हातोडीनेच हळू थोपटतो ना, ते कशाला? मी म्हटलं, माझ्या ताईची सवय. तिने सगळ्यांना शिकवलं, म्हणून सगळ्यांची सवय. मारल्यावर कुरवाळावं, असं ती म्हणायची. वाटाणा खूप हसली, पण चेष्टेने नव्हे.

एक गंमत. परवा ती मुकादमाला म्हणाली, "तुमच्याकडे फारच माल वाया जातो हो." मुकादम असा भडकला की जेवणाचा डबा तसाच घेऊन घरी गेला. त्याचा राग कशाने आला हे तिला समजेना, ती असं का म्हणाली हे आम्हाला समजेना.

आता तुला हवं ते सांगते. यंत्र शिकलं की ठोकणीला दोघीच ठेवणार. यंत्राला ज्या बेसिनबद्दल शंका येईल तेवढीच त्या दोघींनी ऐकायची. बाकीच्या चौघींना पॅकिंगला पाठवतील नाहीतर घरी. निवडीआधी कानांची तपासणी करणार आहेत. करू देत बापडे. मला त्या दोघींत असायचंय, ताई. हातोडी सोडून मला दुसरं येतं काय? खिचडीसुद्धा करपवते मी.

ह्यांचा नमस्कार. ह्यांची बस हल्ली लांबच्या मार्गावर असते. घरी आले की टीव्हीचा आवाज कमी करतात आणि माझ्याकडे बघतात. त्यांचे कान फार नाजूक झालेत.

तुझी,
धाकटी


१६ फेब्रुवारी

ती. ताई,

पाया पडते. तुझ्या लेकीने पाठवलेली गुडघ्याची पट्टी वापर, ती दाखवायला आणलेली नाही. आणि पुन्हा फोन करत बसू नकोस, दुरुस्तीला टाकलाय.

इथं जे घडलं ते तुला समोर बसून सांगायला हवं होतं.

मोठे साहेब यंत्राची परीक्षा बघायला आले. सगळं खातं गोळा झालं. वाटाणाने इस्त्रीचा शर्ट घातला होता, बिचारी घामाने भिजली होती. बटण दाबलं. हात उठला आणि काय सांगू तुला, काठ, पोट, बूड, तंतोतंत आपल्यासारखं! माझ्या अंगावर काटा आला. एवढं देखणं ठोकणं मी तुझ्यानंतर बघितलं नव्हतं. पुढे मुद्दाम ठेवलेलं चांगलं बेसिन होतं. यंत्राने लाल दिवा लावला, खराब. दुसरं चांगलं, पुन्हा लाल. मग चिरलेलं ठेवलं, हिरवा! साहेबांनी स्वतः ठोकून पाहिलं, त्यांनासुद्धा ते फुटकं कळलं, इतकं ते फुटकं होतं. यंत्र आपलं हिरवंगार. एकूण एक उलटं. मौनीला हसू आवरेना, ती खांबामागे गेली.

वाटाणाने मग यंत्राचं पोट उघडलं. तारा तपासल्या, माइक बदलले, परत सुरुवातीपासून सगळं पाहिलं. तिने कुणावर आवाज चढवला नाही की कुणाला दोष दिला नाही. चार दिवसांत पोरीचा वाटाणा होता त्याची डाळ झाली. साहेबांनी तिच्या कंपनीला कळवलं की ही नको, दुसरं कुणी माणूस पाठवा. महिनाअखेरीस त्याचं ठरणार.

आणि मग उलगडा कसा झाला, ऐक. आम्ही डबे उघडून बसलो होतो. मौनीने विचारलं, "तुझे मिस्टर कुठायत गं हल्ली, दिसले नाहीत?" मी म्हटलं, "ते गेले सकाळीच."

वाटाणाच्या हातातला घास हातातच राहिला. चेहरा पांढराफटक. माझा हात धरून म्हणते, "काकू! अहो, कसे?"

मी म्हटलं, "कसे म्हणजे? बस घेऊन."

"बसमध्ये?"

"मग काय, ड्रायव्हर माणूस विमानात?"

ताई, हसून हसून मौनीला ठसका लागला. मी म्हटलं, अगं पोरी, गेले म्हणजे कामाला गेले! मेले तुझे शत्रू! सगळ्या हसत होत्या आणि हिचे डोळे भिरभिरायला लागले. मग अगदी हळू, एकेक शब्द मोजून म्हणाली, "काकू, तुमच्या खात्यात 'गेलं' म्हणजे चांगलं?"

म्हटलं, "अर्थात. गेलं म्हणजे पुढे पॅकिंगला गेलं. ट्रॉलीवाल्याला ऐकू जायला आपण ओरडतो ना, 'गेलं!' आणि चिरलेलं असेल तर 'राहिलं!', म्हणजे ते इथंच राहिलं."

तिने डोक्यावर हात मारला. तिला वाटलं होतं, गेलं म्हणजे कामातून गेलं आणि राहिलं म्हणजे वाचलं! चांगल्या मालावर तिने खराबची खूण केली आणि खराबावर चांगल्याची. बिचाऱ्या यंत्राची काय चूक? जसं शिकवलं तसं ते शिकलं, आज्ञाधारकपणे. आणि मुकादमाच्या रागाचंही कोडं सुटलं. तुझाच शब्द आहे हा, ताई. ट्रॉलीवाला बहिरट होता म्हणून तू तो काढलास, आणि बघ केवढ्याला पडला.

मला आवडलं ते पुढचं. वाटाणा तशीच खरकट्या हाताने साहेबांकडे गेली आणि म्हणाली, "चूक माझी. शब्दाचा अर्थ मी विचारून घेतला नाही." एवढंच. बायकांनी सांगितलं नाही, मुकादमाने सांगितलं नाही, असलं काही नाही. मी शपथ घेऊन सांगते, आपल्या कारखान्यात चूक माझी हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. साहेब म्हणाले, एवढं साधं विचारता येत नाही, तर काम कसलं करणार? बदलीचा विचार त्यांनी सोडलेला नाही.

खरंच विचारायचं राहिलं असेल तिचं. गडबडीत राहतं माणसाचं. तू फार खोलात जाऊ नकोस.

आता सगळ्या खुणा नव्याने करायच्या आहेत. मदतीला तिने मलाच घेतलंय.

तुझी,
धाकटी


२० मार्च

ती. ताई,

पाया पडते. बाकी खुशाली शेवटी. आधी हे वाच, आणि वाचून होईपर्यंत लेकीला हाक मारू नकोस.

फोन बिघडलेला नाही. माझा उजवा कान गेला. आपल्या खात्यातला 'गेला' नव्हे, जगातला. डावाही त्याच्या मागे निघालाय. इतकी वर्षं भट्ट्यांची घरघर आणि वर ठोकाठोक, दुसरं काय होणार? तुझा आवाज बारीक झालेला नाही गं. तू ओरडत असशील फोनवर, आणि मी इकडे हो हो करत होते. तुला सांगणार कोणत्या तोंडाने? तुझ्या शब्दावर मला कामाला घेतलं, माझा कान तू घडवलास. तो मी घालवला असं वाटायचं. ह्यांना कळलं होतं, पण मीच त्यांना दम भरला होता. कामावर डावी बाजू पुढे करून बसायचे, शंका आली की बेसिन मौनीकडे सरकवायचे. माझ्या हातून चिरलेलं एकही पुढे गेलं नाही, हे मात्र खरं मान.

आता वाटाणाचं. खुणा परत करायला तिने मला पडद्यासमोर बसवलं आणि हेडफोन दिला. काही न विचारता आवाज मोठा केला, चांगलाच मोठा. आणि ताई, बेसिन खणखणलं! स्वच्छ, पूर्ण, शेवटचा नाद विरेपर्यंत. असा आवाज मी किती दिवसांत ऐकला नव्हता. मला रडूच आलं. पोरीने पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि दुसरीकडे बघत राहिली. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते. अखंड बेसिनची रेघ लांब जाते, चिरलेल्याची मध्येच दमते. ती मला बघायला शिकवलं तिने. मी माऊस टेबलाखाली पाडला, खुणा पुसल्या, एकदा सगळा पडदाच काळा केला. "होतं काकू, परत करू," एवढंच म्हणायची. शिकवायचं असेल तर असं, ताई. धपाट्याशिवाय.

पहिल्या दिवसाचा आवाज लागला. माझंच ठोकणं, माझीच आरोळी, "गेलं!" आणि लगेच तिचा आवाज, अगदी स्पष्ट: "काकू, गेलं म्हणजे कामातून गेलं ना?"

आणि माझा आवाज: "हो हो, तेच तेच."

ती माझ्या उजव्या हाताला बसली होती. मला ऐकूच आलं नव्हतं. जे ऐकू येत नाही त्याला मी जशी सगळीकडे मान डोलावते तशी डोलावली. म्हणजे पोरीने विचारलं होतं! नीट विचारलं होतं, आणि मी नीट फसवलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं. तिने पुढचा आवाज लावला. तिला कधीपासून माहीत होतं, देव जाणे. साहेबांसमोर "चूक माझी" म्हणाली तेव्हाही माहीत होतं का, हे मी विचारलं नाही. मला उत्तराची भीती वाटली.

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "गप्प बसलीस तर त्या दोघींत तुझा नंबर लागेल. मुकादम तुझ्या बाजूचा आहे, तपासणीतही काहीतरी करून निभावेल." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण तू गप्प बसणार नाहीस. पंचवीस वर्षांत बसली नाहीस." नवरा बरा आहे गं माझा.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत तिच्या बदलीवर शिक्का बसायचा होता. मी विचारल्याशिवाय आत शिरले. वाटाणा होती, मुकादम होता. म्हटलं, साहेब, हिने विचारलं होतं. मला ऐकू आलं नाही, कारण मला ऐकू येत नाही. आवाजात आहे, लावून बघा. साहेबांनी तो आवाज लावून ऐकला. मुकादम खिडकीबाहेर बघायला लागला. बोलून झाल्यावर इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

बाहेर आल्यावर वाटाणा माझ्यावरच डाफरली. डोळ्यांत पाणी आणि तोंडाने भांडण! "काकू, कशाला सांगितलंत? मी दुसरीकडे गेले असते, मला कामाला तोटा नाही. तुमची जागा गेली ना आता!"

मी म्हटलं, "गेली म्हणजे काय गं? आपल्या खात्यात गेलं म्हणजे चांगलं."

ती भर बोळात माझ्या गळ्यात पडली. ट्रॉलीवाला ट्रॉली थांबवून बघत उभा.

तिची बदली रद्द झाली. कानाच्या तपासणीत मी नापास झाले, सगळ्यांदेखत. त्या दोघींत मौनी लागली आणि आपल्यातलीच आणखी एक. मौनीचा कान खात्यात सगळ्यात तल्लख निघाला, इतकी बडबड करून! मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. हातोडी तिच्या हातात देताना माझ्या हाताला ती सोडवेना. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ताई, चक्क गप्प राहिली.

मला त्यांनी पडद्यावर घेतलंय. हेडफोन घालून यंत्राच्या खुणा तपासायच्या, ते चुकलं की त्याला सांगायचं. सहा महिने शिकाऊ, मग परीक्षा. संध्याकाळी वर्ग असतो. शेजारी बसणारी मुलं मला आजी म्हणायच्या बेतात आहेत. काल मी एकाचा पासवर्ड माझ्या जागी घातला आणि अख्ख्या वर्गाचं काम अडवलं. पास होईन का, माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला एखादी गोष्ट येत नाही आणि तरी लाज वाटत नाही. कानाच्या यंत्रासाठीही मोजमाप देऊन आलेय.

तू म्हणाली होतीस, आपला कान आपल्यापाशी ठेव. मी ठेवला असता तर तो माझ्याबरोबर संपला असता. आणि पुढच्या पोरींना दिवसभर त्या ठोकाठोकीत बसून आपले कान घालवावे लागणार नाहीत, हे मला फार बरं वाटतं. तूही एकदा कान तपासून घे. नाही म्हणू नकोस, आपण एकाच भट्टीतल्या.

आणि एक राहिलंय. काल यंत्र पूर्ण दिवस चाललं, सगळं बरोबर. मी उभं राहून बघत होते. काठ, पोट, बूड, आणि मग त्या लोखंडी हाताने हातोडीनेच, अगदी हळू, बेसिनला थोपटलं. मी वाटाणाकडे पाहिलं. ती म्हणाली, "सहाहीजणींच्या ठोकण्यात ते होतं, म्हणून ते शिकलं. कामाचं नाही खरं म्हणजे, वेळ जातो त्यात. साहेब म्हणत होते काढून टाक."

"मग?"

"मी म्हटलं, ते काढलं तर सगळं परत शिकवावं लागेल." आणि डोळे मिचकावले पोरीने.

तर ताई, तुझं कुरवाळणं इथं दिवसभर चालू असतं. बघायला ये. गुडघ्यांचं नाव सांगू नकोस, हे स्वतः तुला बसने घेऊन येतील. फाटकात मला डावीकडून हाक मार, चांगली मोठ्याने, धपाट्याच्या आवाजात.

घरचे म्हणतात मी वाचले, कामावर राहिले. त्यांना आपली भाषा कुठली यायला? तुला सांगते, तुलाच कळेल. ताई, मी गेले!

तू घडवलेली,
धाकटी